जुन्या वॉकी-टॉकीचा आवाज लांब जात नाही? तपासणीचा क्रम आणि त्यातला धंदा



मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आता गल्लीगल्लीत स्पर्धा आहे. पण तुमच्या तालुक्यात वॉकी-टॉकी नीट तपासून देणारे किती जण आहेत, जरा मोजून बघा. या आठवड्याच्या व्हिडिओत मी टेबलावर तपासणी करून दाखवली आहे. व्हिडिओत आकडे पटापट जातात, म्हणून तोच विषय इथे सविस्तर लिहितोय. शेजारी वही ठेवा.

गिऱ्हाईक कोण? सिक्युरिटी एजन्सी, साखर कारखाना, मोठी मंगल कार्यालयं, हाउसिंग सोसायट्या, बांधकामाच्या साइटवरचे क्रेनवाले. यांच्याकडे आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेले सेट असतात आणि एकाच ठिकाणी दहा-वीस असतात. मोबाइल असूनही ते सेट वापरतात, कारण एक बटण दाबलं की सगळ्यांना एकदम ऐकू जातं. नंबर लावायचा नाही, नेटवर्क शोधायचं नाही.

त्यांची तक्रार ठरलेली असते. "ऐकू येतं, पण आमचा आवाज पुढे जात नाही." रात्री मागच्या गेटवरचा वॉचमन बटण दाबून बोलतोय आणि पुढच्या गेटवर नुसती खरखर येतेय, असं झालं तर तो सेट त्याच्या कमरेला असून नसल्यासारखाच. मग मालक म्हणतो, "सगळे भंगारात टाका, नवीन घेऊ." इथे तुमचं काम सुरू होतं.

आजच्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: जुना सेट कमी पोहोचायला लागला की आधी बाहेरून तपासायचं, मग आत जायचं. आधी स्वस्त भाग, मग महाग भाग. आणि प्रत्येक पायरीवर मोजायचं, अंदाज करायचा नाही. बॅटरी, संपर्कपट्ट्या, अँटेना आणि माइक हे चार भाग रोजच्या वापराने झिजतात. सर्किट त्या मानाने बरंच टिकतं. तरी नवा माणूस पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतो आणि सेट उघडतो. तसं करू नका.

## आधी तक्रार नीट समजून घ्या

"आवाज जात नाही" या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात.

१. समोरच्याला खरखरीत, तुटक ऐकू येतं. म्हणजे सिग्नलच कमी पोहोचतोय. बॅटरी, अँटेना किंवा पॉवरचा भाग.

२. समोर खरखर अजिबात नाही, पण आवाज बारीक किंवा दबलेला आहे. म्हणजे सिग्नल पोहोचलाय, त्यावर आवाज नीट चढत नाही. माइक किंवा सेटिंग.

३. समोरच्या सेटवर दिवा लागतो, पण काहीच ऐकू येत नाही. हे बहुतेकदा टोनचं प्रकरण असतं. दोन्ही सेटमध्ये सीटीसीएसएस टोन एकच नसेल तर सिग्नल येऊनही स्पीकर उघडत नाही.

४. सगळ्यांना नीट ऐकू जातं, फक्त एकालाच जात नाही. मग दोष बोलणाऱ्याच्या सेटमध्ये नाही, त्या एकाच्या ऐकणाऱ्या सेटमध्ये आहे.

हे ओळखायला तीन सेट लागतात. तक्रारीचा सेट आणि दोन चांगले. तक्रारीच्या सेटवरून बोला. दोघांनाही कमी ऐकू आलं तर दोष बोलणाऱ्याचा. एकालाच कमी आलं तर त्या एकाचा.

आता उलटं करा. चांगल्या सेटवरून बोला आणि तक्रारीच्या सेटवर ऐका. ही सगळ्यात उपयोगी चाचणी आहे आणि हिला एक रुपयाही लागत नाही. बोलायला आणि ऐकायला अँटेना एकच असतो. त्यामुळे बोलणं कमी आणि ऐकणंही कमी असेल तर अँटेना किंवा त्याच्या जॅकवर संशय घ्या. ऐकणं उत्तम आणि फक्त बोलणं कमी असेल तर बॅटरी किंवा पॉवरच्या भागावर संशय घ्या.

ही चाचणी टेबलावर करू नका. दोन सेट चार फुटांवर असले की अँटेना तुटलेला सेटसुद्धा छान चालतो. शिवाय एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून शिट्टी वाजते ती वेगळीच. एक माणूस बाहेर पाठवा, मध्ये दोन-तीन इमारती येऊ द्या. दरवेळी तीच जागा ठेवा, म्हणजे आजची आणि उद्याची चाचणी ताडून बघता येते.

## पहिली पायरी: सेटिंग

अनेक हँडहेल्ड सेटमध्ये हाय आणि लो पॉवर असते. यूएचएफ सेटमध्ये साधारण हाय ४ वॅट आणि लो १ वॅट. बाजूचं बटण चुकून दाबलं गेलं की सेट लो पॉवरवर जातो आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही. काही सेटमध्ये हे चॅनलनुसार प्रोग्राम केलेलं असतं, म्हणजे चॅनल १ वर हाय आणि चॅनल ३ वर लो. म्हणून तक्रार कोणत्या चॅनलवर आहे ते विचारा.

दुसरी गोष्ट, जुन्या सेटमध्ये नवीन सेट मिसळलेत का ते विचारा. जुने सेट बऱ्याचदा २५ किलोहर्ट्झच्या रुंद चॅनलवर असतात, नवे १२.५ किलोहर्ट्झच्या अरुंद चॅनलवर. अरुंद सेटवरून बोललेलं रुंद सेटवर बारीक ऐकू येतं. उलट्या बाजूने आवाज मोठा पण फाटका येतो. इथे दोन्ही सेट धडधाकट आहेत, फक्त त्यांचं एकमेकांशी जुळत नाही. अशा वेळी बॅटरी बदलून पैसे घेतलेत तर तक्रार चार दिवसांत परत येईल आणि गिऱ्हाईकही जाईल.

## दुसरी पायरी: बॅटरी

जुन्या बाइकचा अनुभव सगळ्यांना आहे. हॉर्न वाजतो, दिवा लागतो, पण सेल्फ मारला की नुसतं टक् टक्. वॉकी-टॉकीचंही तसंच. नुसता चालू ठेवलेला सेट काही दहा मिलिअँपिअर घेतो. पण बोलायचं बटण, म्हणजे पीटीटी दाबलं की ४ वॅटचा सेट साधारण दीड अँपिअर ओढतो. जुनी बॅटरी हा ओढा सोसू शकत नाही. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं, "चार्ज फुल आहे, ऐकू पण येतंय, मग बॅटरी कशी खराब?"

नुसता मल्टिमीटर लावून बॅटरी तपासू नका. बिनलोडची बॅटरी खोटं बोलते. लोड लावून मोजा.

सध्याच्या बहुतेक पॅकमध्ये लिथियम-आयनचे दोन सेल असतात. त्यावर ७.४ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४ व्होल्ट येतात. जुन्या निकेल पॅकमध्ये १.२ व्होल्टचे सहा सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ४.७ ओहमचा, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर आणा. पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीचा व्होल्टेज आधी तसाच मोजा. मग रेझिस्टर पाच सेकंद जोडा आणि जोडलेला असतानाच पुन्हा मोजा.

चांगली बॅटरी: आधी ८.२, लोडवर ७.७ व्होल्ट. लोडवरचा व्होल्टेज भागिले ४.७ केलं की करंट मिळतो, इथे साधारण १.६४ अँपिअर. व्होल्टेज पडला ०.५. ०.५ भागिले १.६४ म्हणजे बॅटरीचा आतला रेझिस्टन्स साधारण ०.३ ओहम.

दमलेली बॅटरी: आधी ८.१, लोडवर ६.१ व्होल्ट. करंट १.३ अँपिअर, पडला २ व्होल्ट. आतला रेझिस्टन्स दीड ओहमच्या वर.

बघा, बिनलोडचा आकडा दोघींचा जवळजवळ सारखाच आहे. ८.२ आणि ८.१. फरक लोडवर दिसला. दुसऱ्या बॅटरीवर बटण दाबलं की सेटला सहा व्होल्टच्या आसपास मिळतं, मग तो चार वॅट देणार कुठून? हे दोन आकडे कागदावर लिहून गिऱ्हाईकाला दाखवलेत की बॅटरी बदला असं सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

तीन काळज्या घ्या. रेझिस्टर तापतो, हातात धरू नका. पॅकवर तीन-चार पट्ट्या असतात, त्यातल्या प्लस आणि मायनस नीट ओळखा, शॉर्ट होऊ देऊ नका. आणि फुगलेली लिथियम बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जरला परत लावायची नाही. बाजूला काढा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

## तिसरी पायरी: संपर्कपट्ट्या

बॅटरी चांगली निघाली तरी तिची ताकद सेटपर्यंत पोहोचायला हवी. पट्ट्यांवर घाम, धूळ, सिमेंट बसतं. कोकणात खाऱ्या हवेने हिरवट थर येतो, कारखान्यात बगॅसची धूळ आणि मळीचा चिकटपणा असतो. अशा पट्टीत फक्त ०.३ ओहम रेझिस्टन्स आला तरी दीड अँपिअरला जवळजवळ अर्धा व्होल्ट तिथेच जातो.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घ्या, थर जाड असेल तर साधा खोडरबर वापरा. पॉलिश पेपर वापरू नका. पट्टीवरचा मुलामा निघतो आणि दोन महिन्यांत पट्टी आधीपेक्षा लवकर गंजते. स्प्रिंगची पट्टी दबून गेली असेल तर अलगद वर करा. बॅटरी बसवल्यावर हलते का तेही बघा. लॉक झिजलेलं असेल तर चालताना संपर्क तुटतो आणि नेमका बोलताना सेट बंद होतो.

## चौथी पायरी: अँटेना आणि जॅक

अँटेनाला धरून सेट उचलणं, सेट गोल फिरवणं, खिशात कोंबणं, हे सगळीकडे चालतं. त्यामुळे अँटेना आतून बुडाशी तुटतो. वरचं रबर शाबूत असतं, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही.

इथे मल्टिमीटरवर विसंबू नका. काही अँटेना बांधणीमुळेच मल्टिमीटरवर ओपन दाखवतात, काही शॉर्ट दाखवतात, आणि दोन्ही चांगले असू शकतात. सोपी पद्धत म्हणजे अदलाबदल. त्याच मॉडेलच्या चांगल्या सेटचा अँटेना लावा आणि त्याच जागेवरून पुन्हा बोला. फरक पडला की उत्तर मिळालं.

अँटेना त्याच बँडचा आहे ना, हेही तपासा. ४५० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी साधारण १७ सेंटिमीटर होते, १५० मेगाहर्ट्झला ५० सेंटिमीटर. व्हीएचएफचा अँटेना आत स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो, म्हणून बाहेरून तो यूएचएफच्या अँटेनासारखाच दिसू शकतो. आटेही जुळतात. पूर्वी कुणीतरी "बसतोय ना, मग चालेल" म्हणून लावलेला असतो. असा सेट जवळ चालतो आणि लांब गेलं की हरवतो.

मग जॅक. मधली पिन आत गेलीय का, जॅक हलतोय का? लांबच्या चांगल्या सेटवरून सतत बोलायला सांगा आणि ऐकताना तक्रारीच्या सेटचा अँटेना बुडाशी अलगद हलवा. खरखर कमी-जास्त झाली तर जॅकचं सोल्डर तडकलंय. पडलेल्या सेटमध्ये हे हमखास बघायचं. नवीन सोल्डर केलं की काम होतं.

आणि वापराबद्दल दोन प्रश्न विचारा. सेट कुठे असतो? स्पीकर-माइक लावून सेट कमरेला ठेवला की अँटेना अंगाला चिकटतो आणि अंग बराचसा सिग्नल खातं. हातात, तोंडासमोर, उभा धरला की तोच सेट लांब पोहोचतो. दोष सेटचा नसतानाही तुम्ही उपाय सांगितलात, याचं मोल गिऱ्हाईकाला कळतं.

## पाचवी पायरी: माइक

खरखर नाही पण आवाज बारीक, ही तक्रार असेल तर माइकचं भोक बघा. तंबाखू, सिमेंट, पीठ, घाम, काय वाट्टेल ते असतं त्यात. मऊ ब्रशने आणि चिकटपट्टीने साफ करा. सुई घालू नका, आत पातळ पडदा असतो.

बाजूचा स्पीकर-माइकचा जॅकही साफ करा. तिथे ओल किंवा कचरा गेला की काही सेटना वाटतं बाहेरचा माइक लावलाय, आणि आतला माइक बंद होतो. रबरी झाकण हरवलेल्या सेटवर हे आधी बघायचं.

शिवाय वॉचमनला सांगा, ओरडू नका. या सेटमध्ये आवाजाची कमाल मर्यादा बांधलेली असते. ओरडल्याने आवाज लांब जात नाही, फक्त फाटतो. तोंडापासून चार बोटांवर धरून, बटण दाबल्यावर क्षणभर थांबून, साध्या आवाजात बोलायचं.

## सहावी पायरी: मोजमाप

इथपर्यंत बरेच सेट सुटतात. जे उरतात त्यांच्यासाठी तीन वस्तू लागतात: व्होल्टेज आणि करंट दाखवणारा पॉवर सप्लाय, ५० ओहमचा डमी लोड आणि वॅटमीटर. वॅटमीटर घेताना तो तुमच्या बँडसाठी आहे का ते बघा. २७ मेगाहर्ट्झसाठी बनवलेला स्वस्त मीटर ४५० मेगाहर्ट्झला खोटे आकडे दाखवतो. मधली केबल आखूड ठेवा, जोड कमीत कमी ठेवा. यूएचएफला प्रत्येक जोडात थोडी पॉवर जाते.

अँटेना किंवा डमी लोड लावल्याशिवाय पीटीटी दाबायचं नाही. पॉवरला बाहेर जायला वाट नसली की ती परत फिरते आणि फायनल ट्रान्झिस्टरवर ताण येतो. शिवाय डमी लोडमुळे गिऱ्हाईकाच्या चालू चॅनलवर तुमची लुडबुड होत नाही.

सेटला बॅटरीऐवजी पॉवर सप्लायवरून ७.५ व्होल्ट द्या, पीटीटी दाबा आणि दोन आकडे एकदम वाचा: करंट आणि वॅट. ४ वॅटच्या सेटसाठी अर्थ असा लावायचा:

- करंट दीड अँपिअरच्या आसपास, पॉवर ४ वॅटच्या आसपास: सेट निर्दोष आहे. दोष बॅटरी, अँटेना किंवा वापरात आहे. सेट उघडू नका.
- करंट बरोबर, पॉवर कमी: पॉवर तयार होतेय, पण वाटेत मरतेय. अँटेना जॅकचं सोल्डर, फिल्टरचा भाग, बोलणं-ऐकणं बदलणारे डायोड, हे तपासा.
- करंटही कमी, पॉवरही कमी: पॉवर तयारच होत नाही. आधी लो पॉवर सेटिंग पुन्हा बघा. मग फायनल ट्रान्झिस्टर, त्याचा बायस आणि त्याला मिळणारा ड्राइव्ह.
- सुरुवातीला बरोबर, काही सेकंदांत घसरण: तापण्याचं प्रकरण. फायनलचा स्क्रू ढिला असतो किंवा खालची उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असते.
- बटण दाबून करंट वाढतच नाही: पीटीटीचा स्विच किंवा त्याची पट्टी. जुन्या सेटमध्ये हा स्विच सगळ्यात जास्त दाबलेला भाग असतो.

पॉवर आणि करंट दोन्ही बरोबर आणि तरी समोर आवाज फाटका येत असेल तर फ्रिक्वेन्सी मोजा. वयानुसार क्रिस्टल सरकतो. अनेक सेटची मुभा दशलक्षात अडीच इतकी असते, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झला ११२५ हर्ट्झ. सेट त्यापेक्षा बराच सरकला असेल तर अरुंद चॅनलवर पूर्ण पॉवर असूनही आवाज नीट जात नाही.

टेबलावर बटण फार वेळ दाबून धरू नका. हे सेट बराच वेळ गप्प आणि थोडा वेळ बोलणं अशा वापरासाठी बनलेले असतात. दहा सेकंदांत आकडा वाचा आणि सोडा.

## पॉवर वाढवून द्या म्हणणारं गिऱ्हाईक

"जरा सेटिंग करून पॉवर वाढवा ना," असं कुणीतरी म्हणणारच. त्याला हे गणित समजावून सांगा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करायचं तर पॉवर चौपट लागते. ४ वॅटचे ५ वॅट केलेत तर हिशेबाने अंतर बारा टक्क्यांच्या आत वाढतं, आणि इमारती-झाडांमध्ये तेवढंही कळत नाही. बॅटरी मात्र लवकर उतरते आणि फायनल जास्त तापतो. परवान्यातल्या पॉवरच्या वर जाणं बेकायदा आहे ते वेगळंच.

हेच गणित तपासणीतही कामाला येतं. पॉवर निम्मी झाली तरी अंतर निम्मं होत नाही, साधारण सत्तर टक्के उरतं. म्हणून "पूर्वी अर्धा किलोमीटर जायचं, आता पार्किंगच्या पलीकडे जात नाही" अशी तक्रार असेल तर थोडी पॉवर कमी झाल्याने ते होत नाही. काहीतरी मोठं तुटलंय. बऱ्याचदा अँटेना किंवा जॅक.

## आता धंद्याचं बोलू

तपासणीची फी वेगळी घ्या. दुरुस्ती होवो न होवो, तुमचा वेळ गेलाय. मी दुकानात हे आधीच सांगतो आणि जॉबकार्डवर सही घेतो. जॉबकार्डवर सेटचा सीरियल नंबर, बॅटरीचे लोडवरचे आकडे, वॅट आणि करंट, दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे लिहायचे. गिऱ्हाईक पैसे या कागदावर देतं.

उदाहरणादाखल बारा सेटचा हिशेब मांडू. भाव तुमच्या गावाप्रमाणे बदला, जीएसटी वेगळा.

- तपासणी १२ सेट, प्रत्येकी १५० रुपये: १८०० रुपये
- सहा बॅटऱ्या, खरेदी ९००, विक्री १२००: बिल ७२००, मार्जिन १८०० रुपये
- तीन अँटेना, खरेदी २००, विक्री ३५०: बिल १०५०, मार्जिन ४५० रुपये
- दोन सेटचं जॅक सोल्डर आणि सफाई, प्रत्येकी ३००: ६०० रुपये
- एक सेट दुरुस्त करण्यासारखा नाही: फक्त तपासणी फी

गिऱ्हाईकाचं बिल १०,६५० रुपये, तुमच्या हातात ४,६५० रुपये. गिऱ्हाईकाचे बारापैकी अकरा सेट चालू झाले आणि नवीन सेटचा खर्च काही वर्षं पुढे गेला.

त्या बाराव्या सेटबद्दल बोलतो. फायनल गेलाय, बोर्डात पाणी शिरलंय, भाग मिळत नाही, असा सेट ओढून-ताणून चालू करून देऊ नका. दुरुस्ती नवीन सेटच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल तर आम्ही "नको" म्हणतो. त्या सेटचा अँटेना, नॉब, पीटीटीची पट्टी गिऱ्हाईकाच्या परवानगीने सुट्या भागांसाठी ठेवतो. लक्षात घ्या, हा सेट कुणाच्या तरी सुरक्षिततेसाठी आहे. आज चालला आणि पंधरा दिवसांनी मागच्या गेटवर रात्री दोनला बंद पडला, तर तुमचे तीनशे रुपये कुणाला महाग पडतील याचा विचार करा.

कामाचे हंगाम ओळखा. गणेशोत्सवाच्या आधीचा महिना, लग्नसराईच्या आधी मंगल कार्यालयं, गळीत हंगाम सुरू होण्याआधी साखर कारखाने. त्या वेळी फोन येण्याची वाट बघू नका, तुम्ही जा. वार्षिक देखभालीचा करार मांडा: वर्षातून दोन तपासण्या, प्रत्येक बॅटरीवर तारखेचं स्टिकर, लोडवरच्या आकड्यांची नोंद. दुसऱ्या वर्षी कुठली बॅटरी कधी जाणार हे तुम्ही आधीच सांगू शकता. एवढं सांगणारा माणूस सहसा कुणी बदलत नाही.

## कायद्याची बाजू

भारतात वायरलेस सेट म्हणजे खेळणं नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ठरलेल्या कमी पॉवरमध्ये आणि मान्यता मिळालेले सेट विनापरवाना वापरता येतात. बाकी फ्रिक्वेन्सीसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो. २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वॉकी-टॉकीच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, म्हणजे यावर लक्ष आहे.

तुमच्यासाठी नियम साधा. सेट आले की परवान्याची प्रत मागा आणि जॉबकार्डला जोडा. गिऱ्हाईकाने सांगितलं म्हणून नवीन फ्रिक्वेन्सी टाकून देऊ नका. सेट विकायचा किंवा साठा ठेवायचा विचार असेल तर कोणती परवानगी लागते हे डब्ल्यूपीसीच्या मुंबईतल्या प्रादेशिक कार्यालयात आधी विचारा, मगच माल भरा.

## या आठवड्याचं काम

एक ४.७ ओहमचा रेझिस्टर, एक मल्टिमीटर, अल्कोहोलची बाटली, खोडरबर आणि मऊ ब्रश, एवढं सामान गोळा करा. ओळखीच्या एखाद्या सोसायटीच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मॅनेजरला भेटा. "तुमचे पाच सेट फुकट तपासून लेखी अहवाल देतो," म्हणा. सेट उघडायचा नाही. पहिल्या पाच पायऱ्याच करायच्या आणि प्रत्येक सेटचे आकडे एका तक्त्यात लिहून द्यायचे.

त्या तक्त्यात कुठली बॅटरी बदलायची, कुठला अँटेना बदलायचा आणि कुठल्या सेटला काहीच करायचं नाही, हे तिन्ही लिहा. "काहीच करायचं नाही" हा रकाना रिकामा सोडू नका. तो वाचून मॅनेजरला कळतं की हा माणूस माल खपवायला आलेला नाही. पुढच्या वेळी फोन तोच करतो.

वॅटमीटर आणि पॉवर सप्लाय कुठला घ्यायचा, वापरलेला घ्यावा की नवा, हे पुढच्या व्हिडिओत बघू. तोपर्यंत तुमचा तक्ता तयार ठेवा.